‘व्हॉल्व्ह उघडला’

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वार्षिकांकात व्हॉल्व्ह, मोटारी आणि दिवे यांच्यावर लेख लिहावा, याचे अनेकांना नवल वाटेल. आमच्या वर्गातल्या एका मित्राने तर विचारलेच, “काय रे, विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकात जागा मिळाली नाही वाटतं?” त्याला मी काही उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर हा लेख यंत्रांविषयी आहे की मराठी व्याकरणाविषयी, हे मलाही अजून नीटसे ठरवता आलेले नाही. मात्र तो एका म्हाताऱ्या बाईच्या मोडलेल्या मनगटाविषयी आहे, एवढे नक्की.

२०२३ च्या उन्हाळ्यात पहिल्या वर्षाची परीक्षा संपवून मी गावी गेलो. घरी रिकामा बसून राहण्यापेक्षा चार पैसे मिळवावेत म्हणून गावच्या पाणीपुरवठा योजनेवर एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागलो. काम रात्रपाळीचे. रात्री दहाला जायचे आणि सकाळचे पाणी सोडून आठला घरी यायचे. मला शिकवायला एक जुने व्हॉल्वमन होते. सारे गाव त्यांना ‘मिस्त्री’ म्हणते, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणत असे. तीस वर्षे त्यांनी खांद्यावर लोखंडी टी-चावी टाकून गावभर फिरून व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले होते. दोन वर्षांपूर्वी योजनेचे ‘स्वयंचलितीकरण’ झाले आणि त्यांची चावी टाकीच्या खोलीत कोपऱ्यात उभी राहिली.

खोलीत एक मोठे पत्र्याचे पॅनेल होते. त्यावर गावातल्या प्रत्येक भागाच्या व्हॉल्व्हसाठी दोन बटणे आणि तीन दिवे. लाल, हिरवा आणि पिवळा. पहिल्याच रात्री माझी फजिती झाली. लाल दिवा दिसताच मी घाबरून उठलो आणि ओरडलो, “मिस्त्री, काहीतरी बिघडलंय!” ते हसले. म्हणाले, “अरे, इजेवाल्यांचं उलटं असतं. लाल म्हणजे चालू, उघडं. हिरवा म्हणजे बंद, गप्प. तांबडं दिसलं की समजायचं, इथं जीव आहे, हात लावू नको.” पिवळा मात्र खरोखरच बिघाडाचा. शिवाय एक लहानसे बटण होते. ते दाबले की पॅनेलवरचे सगळे दिवे एकदम लागत. पाळी सुरू होताना ते दाबून पाहायचे, अशी मिस्त्रींची सक्त ताकीद होती. “दिवा लागला नाही, याचे दोन अर्थ. एक, तसं काही घडलं नाही. दुसरा, दिवाच गेलाय. आधी दुसरा अर्थ पुसून टाक, मग पहिल्यावर विश्वास ठेव.” आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला मला याहून चांगले उदाहरण ऐकल्याचे आठवत नाही.

बटण दाबल्यावर पुढे काय होते, हे त्यांनी मला प्रत्यक्ष चेंबरपाशी नेऊन दाखवले. व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक जडशीळ लोखंडी डबा बसवलेला असतो. त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. मिस्त्रींचे दोन हात जे करत, तेच तो करतो. आपण ‘उघडा’ हे बटण दाबले की पॅनेलमधला एक विजेचा चुंबक ‘खट्’ करून ओढला जातो, तारांतून वीज डब्यातल्या मोटारीला जाते आणि मोटार फिरू लागते. मोटार फिरते फार वेगाने, पण तिच्यात जोर कमी. म्हणून तिच्यापुढे दातेरी चाके बसवून वेग कमी आणि जोर जास्त केलेला असतो. ही चाके व्हॉल्व्हचा उभा दांडा फिरवतात. दांड्याला आटे असतात आणि त्या आट्यांवर गनमेटलची एक नट. नट खालच्या पाचरीसारख्या झडपेत अडकवलेली. दांडा जागच्या जागी फिरला की नट वर चढते, तिच्याबरोबर झडप वर जाते आणि पाण्याला वाट मोकळी होते.

आता दिव्याला कसे कळते की झडप उघडली? माझा हा प्रश्न ऐकून मिस्त्री क्षणभर थांबले होते, हे मला नंतर आठवले. डब्यात लहान दातेरी चक्रांची एक गणती असते. दांड्याचे किती फेरे झाले, हे ती मोजत राहते. झडप पूर्ण उघडायला जितके फेरे लागतात तितके भरले, की एक छोटासा खटका पडतो. त्याला लिमिट स्विच म्हणतात. तो पडला की मोटार थांबते आणि पॅनेलवर लाल दिवा लागतो. आणखी एक खटका जोराचा असतो. मध्येच दगड अडकला, झडप जाम झाली आणि दांडा फिरवायला नको इतका जोर लागू लागला, की तो मोटार तोडतो आणि पिवळा दिवा लावतो. म्हणजे आज्ञा जाते एका वाटेने आणि वर्दी येते दुसऱ्या वाटेने. मला ही योजना फार आवडली. हुकूम देऊन मोकळे होणारे लोक मी पुष्कळ पाहिले होते. इथे हुकमाचे पुढे काय झाले याची खबर येत होती.

दर पाळीला एक रजिस्टर भरावे लागे. मी सुवाच्य अक्षरात लिही: ‘६.०५. व्हॉल्व्ह क्र. ३ उघडला.’ ‘७.३०. व्हॉल्व्ह क्र. ३ बंद केला.’ माझ्या अक्षराचे कौतुकही झाले होते.

आमच्या गावाला आड दिवसाने पाणी येते. टाकी टेकडीवर आहे. बाजारपेठेचा एक व्हॉल्व्ह, वरच्या आळीचा दुसरा, म्हणजेच तो क्रमांक तीन. वरच्या आळीत घरे कमी, सव्वाशेच्या आसपास. मे महिन्यातल्या एका सकाळी मी नेहमीप्रमाणे तीन नंबरचे बटण दाबले. हिरवा दिवा गेला, थोड्या वेळाने लाल लागला. मी रजिस्टर भरले आणि चहाचे भांडे स्टोव्हवर चढवले.

सव्वासहाला फोन आला. एका आजींचा. “बाळा, नळाला पाणी नाही रे.”

मी पॅनेलकडे पाहिले. “सोडलंय आजी. माझ्यासमोर लाल दिवा लागलाय.”

“बरं,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणखी तीनचार फोन आले. त्यांनाही मी तेच सांगितले. वर पुस्ती जोडली, की खालच्या लोकांनी नळाला मोटारी लावून पाणी ओढले असेल. असे आमच्या गावात होतेच, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. त्या दिवशी पहाटे दोनदा लाइटही गेली होती. लोकांनी मान्य केले की आजची पाळी अशीच जायची. घरोघरी पिंपात पाणी होते. दिवस निघाला.

माझ्यासमोर आणखी एक खूण होती आणि तिच्याकडे मी पाहिले होते, हे इथे कबूल केले पाहिजे. पॅनेलच्या कडेला टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा काटा होता. दोन्ही भागांना पाणी दिल्यावर तो रोज जिथवर उतरे, त्याच्या बराच वर त्या दिवशी थांबला होता. पण त्या काट्याची दोरी महिन्याभरापूर्वी एकदा अडकली होती. मी स्वतःशी म्हणालो, ‘पुन्हा अडकली वाटतं.’ खरे बोलणाऱ्या काट्याला मी खोटा ठरवला. कारण त्याचे म्हणणे दिव्याच्या म्हणण्याशी जुळत नव्हते आणि दिवा माझ्या बाजूचा होता.

एक दिवस सोडून पुढची पाळी आली. सहा वाजून दहा मिनिटांनी त्याच आजींचा फोन.

“बाळा, आजपण नाही रे. थेंबसुद्धा नाही. पिंपं रिकामी झाली.”

“आजी, सोडलंय. दिवा लागलाय.”

पंधरा मिनिटांनी पुन्हा. “नुसती हवा सुद्धा येत नाही नळातून. एकदा बघशील का?”

आणि मी, ज्याच्या घरी आजीला कोणी उलटून बोललेले चालत नाही, तो मी, म्हणालो, “आजी, यंत्र खोटं बोलत नाही.”

त्यानंतर आजींचा फोन आला नाही. साडेसातला मी व्हॉल्व्ह ‘बंद’ केला, रजिस्टर भरले आणि घरी जाऊन झोपलो. दुपारी उठलो तेव्हा आईने सांगितले, की वरच्या आळीतल्या एक आजी आडावर पाणी शेंदायला गेल्या होत्या, पायरीवरून घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. आई सहज सांगत होती. मी ताटावरून उठलो.

संध्याकाळी मिस्त्री आणि मी चेंबरवर गेलो. मिस्त्रींनी बरोबर एक लांब सळई घेतली होती. त्यांनी मला खोलीवर फोन करून बटण दाबायला लावले. डबा घुमला, थांबला. तिकडून निरोप आला, लाल दिवा लागला. मिस्त्रींनी सळईचे एक टोक पाइपावर टेकवले, दुसरे कानाला लावले आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने सळई माझ्या हाती दिली. “ऐक.” मी ऐकले. काहीच नव्हते. मग त्यांनी मला बाजारपेठेच्या चालू पाइपाशी नेले. तिथे सळईतून लांबच्या पावसासारखा आवाज येत होता. “याला पाणी म्हणतात,” ते म्हणाले.

पुन्हा तीन नंबरपाशी येऊन त्यांनी डब्याचे हातचाक गुंतवले आणि हाताने फिरवून पाहिले. ते फार हलके फिरले. “आटे गेले,” ते म्हणाले. गनमेटलच्या नटेचे आटे झिजून साफ उडाले होते. दांडा फिरत होता, पूर्ण फेरे घेत होता. पण नट वर चढत नव्हती आणि झडप तळाशी निजून राहिली होती. जोराचा खटका पडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण जोर लागतच नव्हता. पिवळा दिवा जास्त जोराची तक्रार करतो, कमी जोराची नाही. लिमिट स्विचने फेरे मोजले, ते बरोबर भरले, त्याने लाल दिवा लावला. मिस्त्रींचे त्या वेळचे बोलणे मला शब्दशः आठवते: “दिवा खोटं बोलला नाही पोरा. त्याला फेरे विचारले, त्यानं फेरे सांगितले. पाणी आलं का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.”

सुटी संपवून मी महाविद्यालयात परतलो, पण डोक्यातून हे जाईना. तेव्हा ग्रंथालयात शोधाशोध करताना माझ्याच चुकीची एक प्रचंड आवृत्ती मला भेटली.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीतील एका बेटावर थ्री माइल आयलंड नावाचे अणुवीजकेंद्र होते. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीत दुय्यम मंडलाचे पाणी पुरवणारे पंप बंद पडले. भट्टीतला दाब वाढला. वाढलेला दाब सोडण्यासाठी एक झडप होती, ती ठरल्याप्रमाणे आपोआप उघडली. भट्टीही काही सेकंदांत आपोआप बंद झाली. दाब उतरल्यावर झडपेने मिटायचे होते. तशी विद्युत आज्ञा तिला गेलीही. पण झडप मिटली नाही, उघडीच अडकली. आणि त्या वाटेने भट्टीला थंड ठेवणारे पाणी निघून जाऊ लागले.

नियंत्रण कक्षात त्या झडपेसाठी एक दिवा होता. झडपेला चालवणाऱ्या विद्युत चुंबकाला वीज मिळत असेल तर तो लागे, नसेल तर विझे. झडपेचे पाते प्रत्यक्षात कुठे आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आज्ञा गेली, वीज तुटली, दिवा विझला. पाहणाऱ्यांनी अर्थ लावला: झडप मिटली. या हकीकतीतला सर्वांत करुण भाग असा, की हा दिवा मुळात नव्हताच. आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, हीच झडप एकदा अनपेक्षितपणे उघडली होती आणि नियंत्रण कक्षात ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून हा दिवा मुद्दाम बसवला होता. दिवा नसता तर माणसांना निदान शंका आली असती. दिव्याने ती शंकाच काढून घेतली.

दुसऱ्या खुणा नव्हत्या असे नाही. झडपेच्या पुढच्या पाइपाचे तापमान वाढलेले होते. पण ती झडप आधीपासूनच थोडी गळत होती, त्यामुळे तो पाइप गरमच असायचा; चालकांनी ते तापमान मनावर घेतले नाही. निघालेले पाणी ज्या टाकीत जमत होते, तिचे काटे मुख्य टेबलाच्या मागच्या बाजूच्या पॅनेलवर होते. आणि पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम वाजू-लुकलुकू लागले होते. बिघाडाची नोंद करणारे छपाईयंत्रसुद्धा इतके मागे पडले, की ते जे छापत होते ते केव्हाच होऊन गेलेले होते. भट्टीत पाणी जास्त झाले आहे अशा समजुतीने चालकांनी आणीबाणीचे पाणीही कमी केले. झडप दोन तासांहून अधिक वेळ तशीच उघडी राहिली. शेवटी सहा वाजून बावीस मिनिटांनी त्याच वाटेवरची दुसरी, पाठराखणीची झडप बंद करण्यात आली. तोवर फार उशीर झाला होता. भट्टीच्या गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला, हे पुढे काही वर्षांनी आत पाहता आले तेव्हा स्पष्ट झाले. ती भट्टी पुन्हा कधी चालली नाही.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष जॉन केमेनी हे गणिताचे प्राध्यापक आणि एका महाविद्यालयाचे प्रमुख होते. ऑक्टोबर १९७९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात चालकांच्या चुका मान्य केल्या आहेत, पण सारा दोष त्यांच्यावर टाकलेला नाही. त्यांना दिलेले शिक्षण, त्यांच्यापुढची उपकरणांची मांडणी आणि एकूण कारभार यांवर बोट ठेवले आहे. विशेष म्हणजे १९७७ मध्ये ओहायो राज्यातल्या अशाच जातीच्या दुसऱ्या केंद्रात तीच झडप तशीच अडकली होती. तिथल्या चालकांनी वीसेक मिनिटांत ते ओळखून दुसरी झडप बंद केली. पण तो अनुभव पेनसिल्व्हेनियातल्या माणसांपर्यंत नीट पोहोचला नाही. म्हणजे तिथेही आज्ञा, वर्दी आणि निरोप यांचाच गोंधळ.

ते पान वाचताना त्या अपरिचित चालकांविषयी मला फार जवळीक वाटली. ‘पाइप नेहमीच गरम असतो’ आणि ‘काट्याची दोरी पुन्हा अडकली’ ही एकाच घरातली दोन वाक्ये आहेत.

दिवाळीत मामा भेटले. ते रेल्वेत केबिनवर होते, आता निवृत्त आहेत. त्यांना मी ही दोन्ही रडगाणी ऐकवली. ते म्हणाले, “आमच्याकडे हे दुखणं फार जुनं, म्हणून औषधही जुनं.” केबिनमधून तरफ ओढली की तारेने दूरचा हाताचा सिग्नल पडत असे. पण सिग्नल वळणाआड असला तर तो पडला की नाही हे केबिनमधून दिसणार कसे? म्हणून केबिनमध्ये एक लहान घड्याळासारखे उपकरण असे. ते तरफेला नव्हे, तर प्रत्यक्ष सिग्नलच्या हाताला तारेने जोडलेले. तरफ काय म्हणते हे न विचारता ते हात काय करतो हे दाखवी. आणि त्यात दोन नव्हे, तीन खुणा असत. हात आडवा, हात पडलेला, आणि तिसरी, धड हे नाही धड ते नाही. तिचे नावच ‘चूक’. तार तुटली किंवा हात अर्धवट लोंबला तर त्यात ‘चूक’ दिसे. सांधे बदलतानाही तसेच. सांध्याची पाती खरोखर रुळाला चिकटून बसली आणि कुलूपबंद झाली, ही वर्दी आल्याशिवाय सिग्नल निघतच नाही. “आणि तार तुटली तर?” मी विचारले. “तर सिग्नलचा हात वजनानं आपोआप आडवा होतो. गाडी थांबते. माहीत नसलं तर थांबायचं. रेल्वेत अज्ञानाला ‘हिरवा’ म्हणत नाहीत.”

थ्री माइल आयलंडच्या त्या दिव्याचे नेमके उलटे होते. तिथे अंधाराचा अर्थ ‘सारे ठीक’ असा होता. तो बल्ब गेला असता तरी ‘सारे ठीक’ असेच दिसले असते.

आता व्याकरणाकडे येतो. आमच्या सरांनी एकदा वर्गात उभयविध क्रियापद शिकवले होते. एकच क्रियापद सकर्मकही होते आणि अकर्मकही. ‘रामाने दार उघडले’ आणि ‘दार उघडले’. तेव्हा मी शेवटच्या बाकावर डुलक्या घेत होतो. पण माझ्या रजिस्टरातले ते सुवाच्य वाक्य आठवले आणि मी ताडकन जागा झालो. ‘व्हॉल्व्ह उघडला.’ याचा अर्थ काय? ‘मी तो उघडला’ की ‘तो उघडला’? पहिले माझ्या बोटाविषयी आहे, दुसरे झडपेविषयी. पहिले आज्ञा आहे, दुसरे वर्दी. मी लिहीत होतो पहिले आणि वाचत होतो दुसरे. मराठीने दोन्हींना एकच रूप दिले, त्यात मराठीचा दोष नाही. बोलताना समोर दार असते, दिसते. रजिस्टरात दार नसते. तिथे कोण उघडले आणि काय उघडले, हे वेगळे लिहावे लागते.

तेव्हापासून मला सगळीकडे हे दिवे दिसू लागले आहेत. वर्गात हजेरी घेताना ‘येस सर’ असा आवाज येतो. तो लिमिट स्विच आहे; गळा फिरला एवढेच त्याने कळते. झडप वर चढली की नाही, हे सरांना परीक्षेत कळते. (हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो आहे, सरांनी राग मानू नये.) मी दर रविवारी घरी फोन करतो. “कशी आहेस?” “बरी आहे.” गेल्या वर्षी आई दोन महिने ‘बरी’ होती आणि त्याच दोन महिन्यांत तिचे वजन सहा किलोने कमी झाले होते. मी तिला रोज विचारत होतो, म्हणजे बटण दाबत होतो, आणि दिवा लागत होता. शेवटी धाकट्या बहिणीने सांगितले, “दादा, आई रात्री जेवत नाही.” सळई कानाला लावणारे घरात कोणीतरी असावे लागते. आई आता औषधाने खरोखर बरी आहे. आणि मी आता ‘कशी आहेस’ असे विचारत नाही. ‘आज काय जेवलीस’ असे विचारतो. हे उत्तर दिव्याला देता येत नाही.

राहिली आजींची गोष्ट. आटे गेल्याचे कळले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी कोण हे सांगायला मला बराच वेळ लागला. फोनवरचा तो मुलगा मीच, असे शेवटी म्हणालो. त्यांनी मला नीट पाहून घेतले. मग म्हणाल्या, “तू दिवा बघत होतास बाळा, मी नळ बघत होते. तू एकदा येऊन गेला असतास तर दोघांनी मिळून नळ बघितला असता.” त्यांनी सुनेला चहा करायला सांगितले. तो चहा पिताना मला जड गेला. बाहेर अंगणात त्यांचा नातू हापशावरून आणलेल्या कळशा उतरवत होता. मी उठलो आणि दोन खेपा केल्या. त्याने मनगट जुळत नाही, हे मलाही कळत होते.

मिस्त्रींनी नवी नट आणवून बसवली. खालच्या बाजूला एक दाबाचा काटा लावण्याची मागणीही त्यांनी लिहून दिली. तो केव्हा लागेल ते लागेल. पण त्याच्या आधीच त्यांनी एक काम केले. फूटपट्टी घेऊन रजिस्टरात एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले ‘बटण दाबले’, उजवीकडे ‘पाणी आले’. डावा रकाना खोलीत बसून भरायचा. उजवा मात्र खोलीत बसून भरता येणार नाही, अशी त्यांनी व्यवस्था केली.

मागच्या सुटीत मी एक सकाळ सहज टाकीवर गेलो होतो. सहा वाजून पाच मिनिटांनी मिस्त्रींनी तीन नंबरचे बटण दाबले. लाल दिवा लागला. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मान हलवली आणि खिशातून फोन काढला.

“आजी, उठलात का? बघा बरं नळ.”

पलीकडे चपलांचा आवाज आला, मग तोटी पिळल्याचा. थोडा वेळ नुसतीच हवा फुसफुसली. आम्ही दोघे वाट पाहत उभे होतो. मग आजींचा आवाज आला, “आलं रे.”

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि उजव्या रकान्यात लिहिले: ६.११.